टरफलाच्या तेलाची बाटली

मी बेळगावात अग्निबाणाचं इंधन बनवतो, हे आमच्या निपाणीच्या वस्तीत कुणाला खरं वाटायचं नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराची एक खोली. आत दोन टेबलं, एक काचेचं कपाट आणि दाराशी काजूच्या टरफलांची पोती. असल्या जागेतनं आकाशात काय जाणार, डोंबल! दूर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेनं आमच्या कॉलेजला एक लहानसं काम दिलं होतं आणि त्यावर आम्ही तिघं होतो: धारवाडकडचे एक प्राध्यापक, एक मदतनीस आणि मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकता एम.एस्सी. झालेला, आमच्या वस्तीतला पहिलाच. अंगात मस्ती होती ती वेगळीच.

काम काय होतं ते आधी सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. अग्निबाणात दोन पातळ पदार्थ असतात, एक इंधन आणि एक जहाल ॲसिड. दोघं भेटले की काडी न लावता पेट घेतात. पण जे इंधन सगळीकडे वापरात होतं ते फार वाईट. त्याची वाफ छातीत गेली तर माणूस गेलाच, आणि थोडी थोडी जात राहिली तर यकृत खाऊन जायची. टाकी भरणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत रबरी कपडे घालून, पाठीवर हवेची नळकांडी घेऊन काम करायची. त्या संस्थेला असं इंधन हवं होतं की जे आपल्या मुलखातल्या मालातनं होईल आणि भरणाऱ्या माणसाच्या जिवावर उठणार नाही. कागदावर शब्द होते ‘कमी विषारी’.

आमच्या प्राध्यापकांनी काजूचं टरफल निवडलं. चंदगड आणि खानापूरकडच्या काजूच्या शेडमधनं टरफलांची पोती टेम्पोनं यायची. त्या टरफलात जे काळं तेल असतं ते कातडीवर पडलं की फोड येतात. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेत त्यांना मी काय सांगायचं. आम्ही ते तेल तापवायचो, ऊर्ध्वपातन करायचो, आणि फोड आणणारा भाग बहुतेक निघून गेला की मधाच्या रंगाचं स्वच्छ तेल हाताला लागायचं. फार सुंदर दिसायचं ते. बाटली उजेडात धरून मी बघत बसायचो.

पण त्याच्यात खोट होती. ॲसिड पडलं की ते नुसतं धुमसायचं, पेट घ्यायला वेळ लावायचं. अग्निबाणाला असा वेळ चालत नाही. तेवढ्यात आत इंधन साचतं आणि सगळंच फुटतं. म्हणून आम्ही त्यात ॲनिलिन मिसळलं. रंगाच्या कारखान्यात वापरतात ते. मिसळल्याबरोबर तेल शहाण्यासारखं झटकन पेटायला लागलं. आता हे ॲनिलिन कातडीतनं आत जातं, रक्त नासवतं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि मग ओठ आणि नखं निळी पडतात. हे सगळं आमच्या खोलीच्या भिंतीवर एका पुठ्ठ्यावर लिहून टांगलेलं होतं. लिहिलं होतं मीच, लाल शाईनं. तरी जुन्या इंधनाच्या मानानं आमचं मिश्रण गरीब होतं. वाफ नाही, रबरी कपडे नकोत, हातमोजे घातले की झालं. आम्ही रोज हातमोजे घालायचो, त्यामुळे त्यात काय आहे याची भीतीच उरली नव्हती.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वडील मी शाळेत असतानाच गेले. थोरली बहीण, माझी आक्का, लग्न होऊन चिकोडीला गेली होती, पण नवऱ्यानं दुसरी केली म्हणून परत आली आणि आईबरोबर त्याच वखारीत लागली. दिवसभर तंबाखू चाळायची, घरी आल्यावर विड्या वळायच्या. दोघींनी मिळून मला शिकवलं. आक्का तर शाळेची पायरीही चढली नाही, आणि माझ्या पुस्तकांना मात्र दरवर्षी जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं तीच घालायची.

वखारीची फरशी आणि अनवाणी पाय. दोघींच्या टाचा अशा फुटलेल्या की थंडीत भेगांतनं रक्त यायचं. आई रात्री पाय पांघरुणाबाहेर ठेवायची, कारण चादरीचा धागा भेगेत अडकला तरी कळ डोक्यात जायची. आमच्याकडे याच्यावर एकच उपाय, बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की थेंब थेंब भेगेत सोडायचा. चरचरतं, बाई ओरडते, आणि दोन दिवसांनी भेग मिटते. कधी कधी बिब्बा उततो, सगळा पाय सुजतो. तरी पुढच्या थंडीला परत तोच बिब्बा. हे सगळ्या घरांतनं चालायचं, आजही कुठं कुठं चालत असेल.

त्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती. आमच्या इंधनाची पहिली मोठी चाचणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होणार होती आणि नमुना घेऊन मी जायचं ठरलं. तपकिरी काचेची लिटरची बाटली, काचेचं बूच, त्यावर कापड आणि पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. मदतनिसानं ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवून दिली. आज असली बाटली बसमधनं नेली तर तुरुंगात टाकतील, पण तेव्हा सगळं असंच चालायचं. चाचणी मंगळवारी होती. पुण्याची गाडी निपाणीवरनंच जाते, म्हणून मी शनिवारी बेळगाव सोडलं आणि घरी मुक्काम केला.

बाटली बघून आईनं विचारलं, “काय हाय रं ह्यात?”

“इंधन हाय आई. अग्निबाणाचं.”

“म्हंजी राकेल?”

“राकेल न्हवं गं. काजूच्या टरफलाचं तेल. बिब्ब्याच्याच जातीचं झाड असतंय ते.”

“मग उतत आसंल की अंगावर.”

“उतायचं ते आम्ही काढून टाकलंय. तेच तर माझं काम हाय.”

“म्हंजी इख न्हाय म्हण की ह्यात.”

इथं मी थांबायला हवं होतं. ‘कमी आहे’ म्हणायला हवं होतं, आणि दुसरं काय मिसळलंय ते सांगायला हवं होतं. पण आई इतक्या कौतुकानं बघत होती आणि चुलीशी बसलेली आक्काही ऐकत होती. मी छाती काढून म्हणालो, “न्हाय. जगातली माणसं इखारी इंधनानं मरत्यात, आणि तुझ्या लेकानं बिनइखाचं केलंय.” आक्का म्हणाली, “बया! लईच शाणा झालास की रं,” आणि दोघी हसल्या. आईनं बाटलीवरनं हात फिरवला. एखाद्या तान्ह्या पोराच्या डोक्यावरनं फिरवावा तसा.

रविवारी दुपारी वस्तीतल्या पोरांनी विहारात माझं भाषण ठेवलं होतं. हार घातला, टाळ्या पडल्या. मी तासभर बोललो. विज्ञान, अग्निबाण, काजूचं टरफल, आपल्या मातीतनं तयार झालेलं बिनविषारी इंधन. काय काय बोललो! आठवलं की आज माझीच मला शरम वाटते. त्याच वेळी घरात आईनं पिशवीतली बाटली बाहेर काढली होती. दोरा तोडला, एक वाटी तेल ओतून घेतलं, आणि बाटली कमी दिसायला नको म्हणून तेवढंच शेंगतेल वर ओतून ती काठोकाठ केली. सरकारी माल, लेकाला साहेब बोलायला नकोत. मग आक्कानं ते तेल वाटीत कोमट केलं, कापसाचा बोळा बुडवला आणि आईच्या दोन्ही टाचांच्या भेगांत सोडलं. चरचरलं नाही. आई म्हणाली म्हणे, “बघ की गं, खरंच इख न्हाय.” हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी घरभर ॲनिलिनचा वास असणार, पण माझ्या नाकाला तो रोजचा होता.

सोमवारी सकाळी मी आठच्या गाडीची घाई करत होतो. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे ओठ काळे-निळे दिसले. मी विचारलं, “आई, ओठ का गं आसं?”

“मिसरी लावली की आत्ता,” ती म्हणाली.

आमच्याकडच्या बायका भाजलेल्या तंबाखूची भुकटी दातांना लावतात, तीच मिसरी. ओठ काळे होतातच तिनं. मी बघितलं, मान हलवली. डोकं दुखतंय असंही ती म्हणाली होती, पण वखारीतल्या बाईचं डोकं कधी दुखत नाही? “जा, जा, गाडी चुकंल,” म्हणून तिनंच मला ढकललं. ज्यानं लाल शाईनं पुठ्ठा लिहिला होता त्यानं तो पुठ्ठा समोर चालून आलेला ओळखला नाही. मी पिशवी उचलली आणि स्टँडकडे पळालो.

मंगळवारी सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेत टॉवेल सोडला आणि बाटलीकडे बघून मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. दोरा गुलाबी होता. बारीक, विडी बांधायचा. आणि गाठ कसली, विडीला घालतात तो फास, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. असला फास आमच्या घरात दिवसाला हजार वेळा पडायचा. मला हसू आलं. म्हातारीनं वास घ्यायला बूच काढलं वाटतं, असं मनात म्हणालो आणि दोरा खिशात टाकला.

तिथले चाचणी घेणारे साहेब वयस्कर आणि तिरकस होते. जाड काचेच्या आड एका लहान बशीत आमचं इंधन घेतलं, वरून ॲसिडचा थेंब सोडला. झटकन ज्योत यायला हवी होती. आला तपकिरी धूर, मग फेस, आणि बऱ्याच वेळानं एक फडफडती, काजळी ओकणारी ज्योत. परत घेतलं, परत तेच. तिसऱ्यांदा साहेबांनी इंधनाचे चार थेंब काचेवर तापवले, नाक जवळ नेलं आणि म्हणाले, “काय हो, तुमच्या बेळगावात इंधनाला फोडणी घालतात का?”

मी वास घेतला. शेंगतेल. आमच्या घरातल्या कढईचा वास.

त्यानंतर माझ्या डोक्यात जे झालं ते फार भराभर झालं. शेंगतेल भरलं, म्हणजे आतलं काढलं. काढलं ते कशाला? बिब्ब्याच्या जातीचं, मीच सांगितलेलं. टाचा. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगा. आणि मग चौकटीला धरून उभी असलेली आई आणि तिचे ओठ. मी स्टुलावर बसलो. साहेबांना वाटलं चाचणी फसली म्हणून मी खचलो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले, “किती लावलं? अजून आहे का त्यांच्याकडे?” मला माहीत नव्हतं. “आधी ते बंद करा. पाय साबणानं धुवा आणि कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मिथिलिन ब्लूचं इंजेक्शन मागा. तिथं असेल. जा.”

निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका औषधाच्या दुकानात फोन होता. मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. ऑपरेटर म्हणायची, लाइन मिळत नाही, थांबा. मी थांबलो. एक तास गेला, दुसरा गेला. मी काउंटरवर हात आपटला, भांडलो, रडलो. “अहो, माझी आई मरतीय!” म्हणून ओरडलो तेव्हा तिनं आणखी एकदा प्रयत्न केला. मध्येच एक कन्नड बोलणारा आवाज आला आणि गेला. त्या दोन तासांत सकाळची गाडी निघून गेली. तिथं थांबायला नको होतं, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगतो. मग बाराची गाडी मिळाली. कराडला ड्रायव्हर जेवायला उतरला तेव्हा त्याच्या ताटावर लाथ मारावी असं वाटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. श्वास लहान लहान आणि भराभर चालला होता. नखं जांभळी. आक्का तिचं डोकं दाबत बसली होती. मला बघून ती उठली, “बरं झालं आलास. कालधरनं जेवली न्हाय. वखारीतली धूळ बसलीया छातीत, दुसरं काय.”

मी पांघरूण वर केलं. टाचा तेलानं चमकत होत्या.

“काजूचं तेल तुझं,” आक्का म्हणाली. तिच्या आवाजात केवढा अभिमान होता! “वाटीभर काढून ठिवलं हुतं तिनं. तुला सांगू नको म्हणाली. मी लावतीया की सकाळ-संध्याकाळ. आत्ता घटकंमागंच लावलं. हात लावून बघ, कसल्या मऊ पडल्यात. बिब्ब्यानं जलमात आसं झालं नव्हतं.”

तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. त्यांच्या टोकांवर तेच तेल. तेव्हा माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. तीन दिवस, दिवसातनं दोनदा, आक्कानं आपल्या हातांनी, कोमट करून, फुंकर घालून, आईच्या रक्तात ते सोडलं होतं. आईला बरं वाटावं म्हणून. हे मी तिला कसं सांगणार होतो?

मी बादली आणली आणि साबणानं आईचे पाय धुवायला लागलो. आक्का म्हणाली, “आरं, पाय कशाला धुतोस आत्ता?”

“डॉक्टर बघत्यात, म्हणून. तू बी हात धू, साबणानं, चांगलं.”

त्या रात्रीचं माझं पहिलं खोटं ते. तिनं निमूट हात धुतले. वाटीत राहिलेलं तेल मी एका शिशीत ओतून खिशात घातलं आणि तिला घरीच थांबवलं. बरोबर घेतलं असतं तर दवाखान्यात तिच्यादेखत सगळं बोलावं लागलं असतं. शेजारच्यांनी स्टँडवरनं टॅक्सी आणली.

आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. निपाणीच्या बाहेर पडल्यावर, गार वारा लागला म्हणून असेल, तिनं डोळे उघडले.

“पुण्याला गेलतास?”

“व्हय.”

“सायबानं बाटली बघितली?”

“बघितली.”

थोडा वेळ ती नुसता श्वास घेत राहिली. मग म्हणाली, “कमी भरली न्हाय न्हवं?”

मी म्हणालो, “न्हाय आई. काठोकाठ हुती.”

“मग पास झालास?”

“झालो.”

“बरं झालं बाबा. माजा जीव लागला हुता.” तिनं माझा हात शोधला आणि धरला. मी ड्रायव्हरला सारखा म्हणत होतो, जोरात घे, जोरात घे. समोर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल हलत नव्हते. कागलच्या अलीकडे तिचा हात सैल पडला. मी तिला हाका मारत राहिलो, कोल्हापूर येईपर्यंत मारत राहिलो. ड्रायव्हरनं एकदा मागं वळून बघितलं आणि मग बघितलं नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. ओठांकडे बघून विचारलं, “मिसरी लावायच्या का?”

मी म्हणालो, “हो.”

“कामाला कुठं होत्या?”

“तंबाखूच्या वखारीत.”

त्यानं मान हलवली आणि छातीचा जुना आजार असं काहीतरी लिहिलं. इंजेक्शनचं नाव माझ्या खिशात चिठ्ठीवर तसंच राहिलं. मी तिथं खरं का बोललो नाही? पोलीस येतील, आक्काला विचारतील, तुम्ही काय लावलं, किती लावलं, असं मला वाटलं, हे खरं आहे. पण माझीही भीती त्यात होती. माझी नोकरी, माझं नाव, विहारातलं ते भाषण. मी स्वतःला फार चांगला माणूस म्हणून इथं उभा करणार नाही.

बेळगावला परत गेल्यावर मात्र मी प्राध्यापकांना सगळं सांगितलं. आम्ही अहवालात लिहिलं की या मिश्रणातलं ॲनिलिन कातडीवाटे शरीरात जातं, भेगा किंवा जखमा असल्या तर फार लवकर जातं, आणि म्हणून हे इंधन कमी विषारी म्हणता येणार नाही. कुणाच्या टाचा, कुणाची आई, ते लिहिलं नाही. ॲनिलिन काढून आम्ही आणखी दोन वर्षं खटपट केली, उसाच्या चोथ्यातनं निघणारं एक द्रव्य मिसळून बघितलं, पण तेल काही वेळेवर पेटेना. काम बंद झालं. तिकडं दक्षिणेत टाक्या भरणारी माणसं रबरी कपडे घालून तेच जुनं विष भरत राहिली. मी कॉलेजातच शिकवायला लागलो. कागदाला खरं सांगितलं म्हणून थोडं हलकं वाटलं होतं, ते काही टिकलं नाही.

कारण आक्का. आईच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली होती आणि आक्का बायकांना सांगत होती, “वखारीनं खाल्लं माझ्या आईला. पर मरताना टाचा बघायच्या हुत्या तिच्या! लोण्यासारख्या. माझ्या भावानं केल्यालं तेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मला बी एक बाटली आण रं. माझ्या बी फुटल्यात.”

मी म्हणालो, “ते आता बनत न्हाय आक्का.”

“का बनत न्हाय?”

“बंद केलं.”

तिला पटलं नाही. दर थंडीला ती मागायची. मी खडेबाजारातनं मलम आणलं, चांगल्यातलं. तिनं डबी परत पिशवीत टाकली. “मला दुकानातलं नको. आईला लावल्यालं पायजे.” एकदा साधं एरंडेल बाटलीत घालून दिलं. तिनं बूच काढून नुसता वास घेतला आणि म्हणाली, “हे न्हवं. मला येडी समजतोस व्हय?” ज्या हातांनी सहा वेळा ते तेल लावलं होतं त्यांना ते तेल बरोबर आठवत होतं.

मग एका थंडीत, ऐंशीचं दशक लागून दोनेक वर्षं झाली असतील, ती न सांगता एकटी बसनं बेळगावला आली. विचारत विचारत कॉलेजात पोचली. काम तेव्हा संपत आलं होतं, पण जुने नमुने कपाटात होते. ती दारात उभी राहिली, पायात चप्पल, टाचेला चिंधी बांधलेली, चिंधीवर रक्त. आणि तिची नजर सरळ त्या काचेच्या कपाटावर गेली. मधाच्या रंगाच्या आठ-दहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या.

“ह्ये काय मग?” तिनं विचारलं.

मी टेबलावरनं कपाटाची किल्ली उचलली.

“बनत न्हाय म्हणालास न्हवं?”

ती पुढं झाली आणि कपाटाच्या मुठीला हात घातला. मी धावलो, तिचा हात ओढून काढला आणि कपाटाला कुलूप लावलं. जरा जोरातच ओढला असेन. मदतनीस बघत होता. तिनं आपल्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिला सांगू शकलो असतो. तिथंच, त्या क्षणी, चार वाक्यांत. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात तिला दर दिवशी आपली बोटं दिसली असती.

“आईला दिलंस,” ती म्हणाली, “आणि मी तुला शिकवला, तर मला एक बाटली न्हाय. सायब झालास रं.” ती वळली आणि चिंधी बांधलेल्या पायानं लंगडत गेटाकडे गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. गेलो असतो तर बोललो असतो.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. भावकीनं समजूत घालून बघितली. एका बाटलीचं काय एवढं, देऊन टाक, असं मलाच चारचौघांत सुनावलं. मी कंजूष, मी वर चढल्यावर पायरी विसरलेला, मी बहिणीचं खाऊन तिला तेलाला महाग केलेला. हे सगळं निपाणीत माझ्याविषयी बोललं जातं आणि मी ते बोलू देतो. ती आता थकली आहे, वखार कधीच सुटली, लग्नाकार्यात दिसली की तोंड फिरवते. दर वेळी मला वाटतं, जावं, तिचे पाय धरावेत, सगळं सांगावं. मग मी तिच्या बोटांकडे बघतो आणि तसाच परत येतो.

तिला वाचता येत नाही, म्हणून तर हे लिहायला धजलो. निपाणीत कुणाच्या हाती हे पडलं आणि ही बाई कोण ते ओळखू आलं, तर तेवढी कृपा करा, तिला वाचून दाखवू नका.